लेस्वोसवरचा शेवटचा दिवस: पक्षी, नोंदी आणि विमान सांभाळण्याचा क्रम

ग्रीसच्या लेस्वोस बेटावर एप्रिल-मेमध्ये पक्षी बघायला जाणारी आपल्याकडची मंडळी वाढली आहेत. परत आल्यावर त्यातले काही जण त्यांच्या ईबर्डच्या (पक्ष्यांच्या नोंदी ठेवायचं ॲप आणि संकेतस्थळ) याद्या मला दाखवतात. पहिल्या सहा दिवसांच्या याद्या नीटनेटक्या असतात, सातव्या दिवसाची हमखास बिघडलेली. सुरुवातीची वेळ चुकलेली, अंतर चाळीस किलोमीटर, आणि बेटाच्या मुख्य शहराच्या, मितिलिनीच्या, विमानतळाच्या नावावर रोहित पक्ष्यांचा थवा. सोबत तक्रारी असतातच: गाडी परत देताना पेट्रोलचे जादा पैसे गेले, ट्रायपॉड हातातून काढून घेतला, राहिलेला एक पक्षी शोधायला पश्चिम टोकाला गेलो आणि विमान चुकता चुकता राहिलं.

या सगळ्याचं मूळ एकच. शेवटचा दिवस आपण सातवा पूर्ण दिवस म्हणून मोजतो. तो अर्धाच असतो, आणि त्या अर्ध्यातलाही निम्मा आवराआवरीचा. खालचा क्रम स्काला कल्लोनिस गावात मुक्काम, भाड्याची गाडी आणि दुपारी साडेचारच्या सुमाराचं अथेन्सचं विमान असं धरून लिहिला आहे. तुमची वेळ वेगळी असेल तर आकडे मागेपुढे करा, क्रम बदलू नका.

## टप्पा 1: वेळ उलटी मोजा (आदल्या दिवशी, दुपारी)

कागद घ्या आणि विमानाच्या वेळेपासून मागे या.

साडेचारचं विमान म्हणजे अडीचला विमानतळावर. त्याआधी गाडी परत करणं आणि पेट्रोल भरणं, यांना मिळून पाऊण तास. मुक्कामाला लागून असलेल्या कल्लोनीहून मितिलिनी साधारण 40 किलोमीटर, विमानतळ शहराच्या दक्षिणेला आणखी 8 किलोमीटर. रस्ता चांगला आहे, पण घाटवळणाचा. तासभर धरा, वर पाऊण तास ट्रॅक्टर आणि मेंढ्यांच्या नावाने ठेवा. म्हणजे बारा वाजता गाडीचं चाक फिरलं पाहिजे.

आता सकाळ. मेच्या सुरुवातीला इथे सूर्य सव्वासहाच्या आसपास उगवतो, उजाडतं पावणेसहाला. पावणेसहा ते सव्वानऊ एवढे साडेतीन तास पक्ष्यांचे. नऊनंतर कल्लोनीच्या मिठागरावर हवा थरथरायला लागते, दुर्बिणीतून छोटे किनारी पक्षी ओळखू येत नाहीत. तसंही त्या वेळी फारसं काही हाती लागत नाही.

तपासा: तुमचा शेवटचा दिवस 1 मे किंवा ऑर्थोडॉक्स ईस्टरच्या आसपास येतोय का? 1 मेला ग्रीसमध्ये सुट्टी असते आणि लोक सहकुटुंब रानात, नदीकाठी डबे घेऊन जातात. ऑर्थोडॉक्स ईस्टर आपल्या कॅलेंडरवर छापलेल्या ईस्टरपेक्षा बहुतेक वर्षी वेगळ्या तारखेला असतो. 2027 मध्ये तो 2 मेला आहे, म्हणजे दोन्ही सुट्ट्या लागोपाठ. अशा दिवशी दुकानं बंद आणि उघडे पेट्रोल पंप मोजकेच. पेट्रोल आदल्या दिवशी भरून ठेवा, सकाळी फक्त वरचं भरा.

बोटीने जाणाऱ्यांसाठी: मितिलिनीहून अथेन्सजवळच्या पिरियस बंदराला रात्रीची बोट असते, अकरा-बारा तासांची. डेकवरून शीअरवॉटर हे समुद्रपक्षी दिसतात, त्यामुळे मोह होतो. पण जोराचा वारा सुटला की बंदरातून बोटी सोडत नाहीत. बोट आणि भारताचं विमान यांच्यात एक पूर्ण मोकळा दिवस नसेल तर बोटीचा विचार सोडून द्या.

## टप्पा 2: बॅग रात्रीच भरा

ज्यांनी सकाळी भरली, त्यांनी काहीतरी मागे सोडलं. माझा स्वतःचा दुर्बिणीचा पट्टा अजून त्या खोलीच्या दारामागे लटकत असेल.

सकाळी लागणारं सामान वेगळं काढा: दुर्बीण, एक कॅमेरा, स्कोप (ट्रायपॉडवर लावायची मोठी दुर्बीण), ट्रायपॉड, वही, पाण्याची बाटली, एक जाकीट. बाकी सगळं बॅगेत. दुसरी लेन्स, चार्जर, मार्गदर्शक पुस्तकं आत गेली की सकाळी "हेही घेऊ का" हा प्रश्नच उरत नाही.

हातातल्या बॅगेत स्कोप, दुर्बीण, कॅमेरा, सगळ्या सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक. लिथियमच्या सुट्या बॅटऱ्या खाली जाणाऱ्या बॅगेत चालत नाहीत. पॉवर बँकवर 100 वॉट-तासांपेक्षा कमी आकडा आहे ना, ते पाहा. 20,000 एमएएचची नेहमीची बँक साधारण 74 वॉट-तासांची असते, तिला अडचण नाही. बॅटरीच्या टोकांवर चिकटपट्टी लावा.

ट्रायपॉड सकाळी वापरून झाला की खालच्या बॅगेत. वरून नेऊ देतात की नाही, हे त्या दिवशी तपासणीला कोण उभं आहे यावर ठरतं. त्या नशिबावर विमान सोडू नका. डोकं काढून मोज्यात गुंडाळा, पाय कपड्यांच्या मध्ये.

ऊझो (बडीशेपेच्या वासाची ग्रीक दारू), ऑलिव्ह तेल, बरणीतलं चीज हे सगळं खालच्या बॅगेत, प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत. हातातल्या बॅगेत 100 मिलिलीटरपेक्षा मोठी बाटली जात नाही. भारतात येताना दारू माणशी दोन लिटरपर्यंत विनाशुल्क आणता येते. बेटावरच्या प्लोमारीचा ऊझो प्रसिद्ध असला तरी चार बाटल्या म्हणजे कस्टमवाल्याशी गप्पा.

इशारा: बेटाच्या पश्चिमेला दगड झालेल्या प्राचीन झाडांचं जंगल आहे. 1985 पासून ते संरक्षित नैसर्गिक स्मारक आहे. त्यातला नखाएवढा तुकडाही उचलणं गुन्हा आहे. मुलांच्या खिशात "छान दगड" आहेत का, आजच रात्री बघा. किनाऱ्यावरचे गोटे आणि मिठागराकाठी पडलेली गुलाबी पिसंही तिथेच राहू द्या.

## टप्पा 3: सकाळची एकच जागा ठरवा

सगळ्यात जास्त लोक इथे चुकतात, म्हणून थोडं सविस्तर.

सहा दिवसांनंतर प्रत्येकाच्या यादीत एक भोक असतं. कुणाला सिनेरियस बंटिंग मिळालेला नसतो, कुणाला रुपेल्स वॉर्बलर. पहिला पश्चिमेच्या उघड्या खडकाळ डोंगरांवर, इप्सिलू मठाच्या बाजूला. मठापर्यंतचा रस्ता वळणावळणाचा, आणि विमानतळाच्या बरोबर उलट दिशेचा. जाण्यायेण्यातच बराच वेळ गेला की पक्षी बघायला हातात जेमतेम तासभर उरतो, तोही घड्याळाकडे बघत. माझं मत सरळ आहे: शेवटच्या दिवशी पश्चिमेला जायचं नाही. तो पक्षी पाचव्या दिवशी शोधायचा होता.

मग काय करायचं? मुक्कामाजवळ आणि विमानतळाच्या वाटेवर पडेल अशी एक जागा निवडायची. पर्याय तीन.

कल्लोनीची मिठागरं. मितिलिनीला जाणाऱ्या मुख्य रस्त्याला लागूनच. (नावाचा आपल्या 'कॉलनी'शी काही संबंध नाही, जोर शेवटच्या 'नी'वर.) रोहित, उचाट्या, शेकाट्या, केंटिश प्लोवर, सुरय, आणि स्थलांतराच्या दिवसांत रोज बदलणारे किनारी पक्षी. शेवटच्या दिवसासाठी ही जागा सगळ्यात भरवशाची, कारण काल जे नव्हतं ते आज असू शकतं. सूर्य पाठीशी ठेवा, एका जागी उभे राहा. बांधांवर उतरू नका. मीठ काढणाऱ्यांची ती कामाची जागा आहे, आणि जमिनीवर घरटी असतात.

त्सिक्नियास नदी. गावापासून काही मिनिटांवर. दोन्ही काठांनी कच्चा रस्ता जातो. बी-इटर, लिटल बिटर्न, काळा करकोचा, झाडोऱ्यात वटवटे. गाडीत बसून, खिडकीतून बघणं उत्तम. पण धूळ फार, आणि कच्च्या रस्त्यावर टायरला किंवा गाडीच्या तळाला झालेलं नुकसान भाड्याच्या विम्यात बहुधा बसत नाही. नदीतून गाडी घालून पलीकडे जाण्याची जागा आहे, ती आज नको. पाणी किती आहे याचा अंदाज चुकला तर दुपारचं विमान विसरा.

अख्लादेरीचं पाइनचं रान. ज्यांना क्रूपर्स नटहॅच, म्हणजे आपल्या शिलींध्रीचा भाऊबंद, अजून मिळाला नाही त्यांच्यासाठी. ग्रीसमध्ये हा पक्षी फक्त लेस्वोसवर आहे. वाळलेल्या पाइनच्या खोडात घरटं करतो. मुख्य रस्त्यावरून दक्षिणेला वळून थोडं आत जावं लागतं, तरी दिशा विमानतळाचीच. घरटं सापडलं तर लांब थांबा, आवाजाची रेकॉर्डिंग वाजवू नका, आणि नेमकी जागा जाहीर यादीत लिहू नका.

एकच जागा निवडा. दोन निवडल्या की पहिली घाईत संपते आणि दुसरीकडे ऊन चढलेलं असतं.

## टप्पा 4: मैदानात पहिली पाच मिनिटं

दुर्बीण डोळ्याला लावायच्या आधी:

1. कॅमेऱ्याचं घड्याळ बघा. ते अजून भारतीय वेळेवर असेल तर उन्हाळ्यात अडीच तास पुढे आहे. सकाळी साडेसहाला टिपलेल्या फोटोवर नऊची वेळ पडते. आता ते बदलू नका, नाहीतर अर्धे फोटो एका वेळेत आणि अर्धे दुसऱ्या. त्याच कॅमेऱ्याने फोनच्या घड्याळाचा एक फोटो काढा. घरी तो फोटो बघून सगळ्यांची वेळ एकदम सरकवता येते.
2. ईबर्डची यादी सुरू करा. गटात एकानेच. चौघांनी चार याद्या सुरू केल्या तर नंतर त्या जुळत नाहीत.
3. गाडीतून उतरताना पायात बंद बूट आणि मोजे पँटवर ओढलेले. मेंढ्या चरतात तिथल्या गवतात गोचीड असतात.

इशारा: लेस्वोस तुर्कस्तानच्या समोर आहे आणि बेटावर लष्करी जागा आहेत. कॅमेऱ्यावर काट मारलेली पाटी दिसली तर दुर्बीणसुद्धा खाली करा. 2001 मध्ये ग्रीसमधल्याच कलामाता येथे विमानं बघायला आलेल्या ब्रिटिश आणि डच हौशी लोकांना हेरगिरीच्या संशयावरून अटक झाली होती. विमानतळाच्या कुंपणावरचा खरुची ससाणा कितीही छान बसलेला असो, तिथे लेन्स रोखू नका.

## टप्पा 5: यादी जागेवरच बंद करा

गाडीत बसायच्या आधी. बसल्यावर नाही, नाश्त्याला तर नाहीच.

चाळीस किलोमीटरची यादी कशी होते, ते सांगतो. माणूस पक्षी बघून गाडीत बसतो, ॲप खिशात चालूच राहतं, आणि ते अख्खा प्रवास मोजतं. फिरत्या नोंदीची यादी आठ किलोमीटरच्या आत आणि तीन तासांच्या आत ठेवा. त्यापुढची यादी अभ्यासाच्या फारशी कामी येत नाही. साडेतीन तास थांबणार असाल तर मध्येच एक बंद करून दुसरी सुरू करा. विसरलातच, तर पाठवण्याआधी अंतर आणि वेळ हाताने दुरुस्त करता येते.

आता ओळखीच्या चुका. शेवटच्या दिवशी डोकं थकलेलं असतं, आणि थकलेलं डोकं घरची नावं टाकतं.

काळा-राखाडी कावळा दिसला की बोट आपोआप हाउस क्रोवर जातं. इथला तो हूडेड क्रो. घराच्या कौलावरची चिमणी हाउस स्पॅरो असू शकते, पण करकोच्याच्या घरट्याच्या काटक्यांत शिरलेली बहुधा स्पॅनिश. पुलाखाली घरटं बांधणारी लालबुडी भिंगरी आपल्या ओळखीची वाटते. ईबर्डच्या 2024 च्या वर्गीकरणात मात्र युरोपातली वेगळी जात झाली आहे, त्यामुळे यादीत आपल्याकडचं 'ईस्टर्न' नाव निवडू नका. पिवळ्या धोब्याच्या काळ्या डोक्याच्या नराला फेल्डेग हा उपप्रकार निवडता येतो, पण मादीला तो आंधळेपणाने लावू नका. रणगोजाच्या माद्यांच्या बाबतीतही तेच. नॉर्दर्न आणि इसाबेलाइन इथे दोन्ही असतात. शेपटीचा फोटो नसेल तर "व्हीटइअर, जात अनिश्चित" हा पर्याय आहे, तो वापरायला लाजू नका.

तारेवर बसून गाणारा काळ्या डोक्याचा भारीट मात्र बिनधास्त लिहा. पुणे-सोलापूरच्या ज्वारीच्या रानात हिवाळ्यात तो थव्याने बघितला असेल. इथे तो जोडीजोडीने, गाण्याच्या मूडमध्ये असतो, आणि आवाज ऐकून पहिल्यांदा कुणालाच ओळखू येत नाही.

तपासा: "दिसलेले सगळे पक्षी नोंदवले का?" या प्रश्नाला 'हो' तेव्हाच म्हणा, जेव्हा चिमण्या-कबुतरंही लिहिली असतील. फक्त नवीन आणि देखणे पक्षी लिहिले असतील तर उत्तर 'नाही'.

## टप्पा 6: साडेनऊ ते बारा

या वेळात चार कामं, याच क्रमाने.

नाश्ता करता करता आठवड्याची यादी जुळवा. गट अजून एका टेबलावर आहे. अथेन्सला पोचल्यावर प्रत्येक जण आपल्या फोनमध्ये असेल. "तिसऱ्या दिवशी तो फाल्कन एलिओनोरास होता की रेड-फुटेड?" हा वाद इथेच मिटवा. याद्या एकमेकांना पाठवा, आणि आलेल्या यादीतून स्वतः न पाहिलेले पक्षी प्रत्येकाने आपापले वगळा. हे कुणी करत नाही, आणि मग गटातल्या सगळ्यांनी एकच फटाकडी (झाडोऱ्यात लपणारा पाणपक्षी) पाहिल्याचं दिसतं, जी खरं तर एकानेच वेतातून निसटताना पाहिली होती.

फोटोंची दुसरी प्रत. कार्डं हातातल्या बॅगेत, प्रत असलेली डिस्क सोबतच्या माणसाच्या बॅगेत. कार्ड घरी जाईपर्यंत पुसायचं नाही.

बूट आणि ट्रायपॉड धुवा. बाहेरच्या नळाखाली, जुन्या टूथब्रशने. चिखलात गवताचं बी आणि पाणपक्ष्यांची विष्ठा असते, तेच बूट घालून पुढच्या रविवारी तुम्ही भिगवणला उतरणार आहात. ट्रायपॉडच्या सांध्यांत मिठाची वाळू राहिली तर पावसाळ्यापर्यंत तो अडकतो. लेन्स मात्र आधी फुंकणीने साफ करा, मग कापड. थेट पुसलीत तर मिठाचे कण काचेवर ओढले जातात.

खोली. गादी उचला, दारामागे बघा, फ्रिज उघडा, भिंतीतला अडॅप्टर काढा. दोघांनी वेगवेगळं बघा.

## टप्पा 7: गाडी

निघाल्यावर पहिले दहा किलोमीटर सावध. ग्रीसमध्ये उजवीकडून गाडी चालवतात हे तुम्हाला सहा दिवस लक्षात होतं. चूक होते ती थांबून परत निघताना. पक्ष्यासाठी कडेला गाडी लावली, पाच मिनिटं बघितलं, रस्ता मोकळा, आणि हात आपसूक डावीकडे वळवतो. माझ्याकडून हे शेवटच्या दिवशीच झालं, समोरून ट्रक आल्यावर कळलं. तेव्हापासून आमचा नियम: गाडी सुरू करताना शेजारचा माणूस मोठ्याने "उजवीकडे" म्हणतो. हास्यास्पद वाटतं. म्हणाच.

आणि विमानतळाच्या वाटेवर पक्ष्यासाठी थांबायचं नाही. एक थांबा म्हणजे पाच मिनिटं, असं कधीच नसतं. अपवाद एकच: रस्ता ओलांडणारं कासव. त्याला जाऊ द्या.

पेट्रोल मितिलिनी शहराच्या अलीकडे भरा. पंपावर माणूस भरून देतो. 'अमोलिव्दी' म्हणजे पेट्रोल. गाडीत डिझेल असेल तर टाकीच्या झाकणावरचं नाव बोटाने दाखवा, उच्चारावर विसंबू नका. पावती ठेवा.

परत देताना: चारी बाजू, चारी चाकं, काच, पेट्रोलचा काटा आणि किलोमीटरचा आकडा, सगळ्याचे फोटो. आत शिरलेली धूळ झटका. एका ठिकाणी माझ्याकडून केवळ आतल्या वाळूसाठी सफाईचे पैसे मागितले होते. पहिल्या दिवशीचे फोटो असल्यामुळे निदान ओरखड्यांचा प्रश्न तरी आला नाही.

तपासा: दाराचे कप्पे, सीटखाली, डिकीतलं चाकाचं झाकण. लेन्सची टोपी बहुतेक वेळा ड्रायव्हरच्या सीटखाली सापडते.

## टप्पा 8: विमानतळ आणि अथेन्स

मितिलिनी ते अथेन्स हे देशांतर्गत उड्डाण आहे, तासाभराचं. देश सोडल्याची नोंद इथे होत नाही, ती अथेन्सला. दोन्ही तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर अथेन्सला सामान ताब्यात घेऊन पुन्हा द्यावं लागतं. त्यासाठी किमान तीन तास ठेवा, मी चार ठेवतो.

व्हिसावर दिलेले दिवस पुन्हा मोजा. आल्याचा दिवस आणि जाण्याचा दिवस, दोन्ही धरले जातात. नेमके तेवढेच दिवस मिळाले असतील आणि विमान चुकलं, तर प्रश्न फक्त तिकिटाचा राहत नाही. म्हणून पुढच्या वेळी अर्ज करतानाच दोन दिवस जास्त मागा.

हातातल्या बॅगेतला स्कोप तपासणीत बाहेर काढायला सांगतात. तो सहज निघेल असा ठेवा आणि मागे रांग वाढली म्हणून घाई करू नका. काच तुमची आहे. स्कोप आणि लेन्सच्या बिलांचे फोटो फोनमध्ये ठेवा, मुंबईला कुणी विचारलं तर दाखवता येतात.

## टप्पा 9: घरी आल्यावर पहिला आठवडा

ज्या याद्या बेटावर पाठवायच्या राहिल्या, त्या संकेतस्थळावरून भरा. वेळ त्या ठिकाणची टाकायची, पुण्याची नाही. कॅमेऱ्यातल्या फोटोंची वेळ सरकवताना फोनच्या घड्याळाचा तो फोटो उघडा आणि फरक मोजून सगळ्यांना लावा.

थोड्या दिवसांनी ईबर्डच्या स्थानिक परीक्षकाचा मेल येऊ शकतो: अमुक पक्षी त्या तारखेला तिथे असामान्य आहे, काही तपशील द्याल का. बरेच जण हा मेल अपमान समजून सोडून देतात. त्यात अपमान काही नाही. तुम्हाला काय दिसलं ते लिहा, पाय, चोच, शेपूट, अंतर, प्रकाश. फोटो असेल तर जोडा. खात्री नसेल तर नोंद बदला आणि तसं कळवा. उत्तर दोन ओळींचं असलं तरी चालतं.